भाऊजी, वालांचं पिंप उघडलं

भाऊजी, गेल्या सोमवारी वालांचं पिंप उघडलं. तुम्ही असतात तर आधी भाषण झालं असतं, मग मोबाइलवर फोटो, मग तुमच्या दादांना हाका, मग चहा, आणि मग कुठे झाकण निघालं असतं. आम्ही दोघी जावांनी ते गुपचूप उघडलं. आत काय निघालं ते सांगते, पण आधी माझं थोडं ऐकून घ्या. दीर म्हणून तुम्ही या घरात कायम बोलतच राहिलात आणि मी मोठी भावजय म्हणून ऐकत राहिले. आता तुम्हाला मध्येच "वहिनी, एक मिनिट" म्हणता येणार नाही, तेव्हा ही संधी मी सोडत नाही.

तुम्ही गेल्याची बातमी पेपरात द्यायला म्हणून यांनी चार ओळी लिहिल्या. शिक्षण, अंबरनाथच्या तुरटीच्या कारखान्यात नोकरी, आणि शेवटी "मनमिळाऊ स्वभाव". मी म्हटलं, अहो, मनमिळाऊ कुठला? आमच्या चामटोली गावात ज्याच्या जेवायला बसण्याने वाद झाला नाही असं एकही घर नाही, तो मनमिळाऊ? हे म्हणाले, "मग काय लिहू?" मलाही सुचलं नाही. शाळेत मुलांना आयुष्यभर निबंध लिहायला शिकवलं आणि माझ्याच दिराबद्दल एक विशेषण सापडेना. म्हणून मीच हे लिहायला बसले.

सुरुवात त्या भुकटीपासूनच करायला हवी. तुमच्या कारखान्यात भाजलेल्या चिकणमातीवर आम्ल ओतून तुरटी काढतात, गावोगावचं पाणी निवळायला लागते ती. तुरटी पाण्यात विरघळून पुढे जाते आणि मागे उरते एक पांढरी, हलकी भुकटी. तुम्ही तिला सिलिका म्हणायचात, वाळूच्या जातीची पण वाळूपेक्षा मऊ. बाकी सगळे तिला नुसता गाळ म्हणायचे. ट्रक भरायचे आणि लांब कुठेतरी नेऊन पुरायचे. इतकी वर्षं तुम्ही ते ट्रक जाताना पाहिलेत आणि एके दिवशी तुमचं डोकं फिरलं. "वहिनी, पांढरंशुभ्र आहे हो, मैद्यासारखं. असं कसं पुरायचं?" साहेबांच्या मागे लागून लागून परवानगी काढलीत आणि मोटरसायकलला गोणी बांधून घरी आलात. तुमच्या बायकोला, मंदाला, वाटलं खरंच मैदा आणलाय. तिने डबा घासून ठेवला होता.

त्यानंतर आमच्या दोन्ही घरांत त्या भुकटीने धुमाकूळ घातला. भिंतीच्या चुन्यात भुकटी. न्हाणीघराच्या फरशीवर भुकटी. कुत्र्याच्या अंगावरच्या पिसवांवर भुकटी, आणि त्या बिचाऱ्याच्या शिंका. पावसाळ्यात कपाटात ओल येते म्हणून तुम्ही सुती पुरचुंड्या बांधून माझ्या साड्यांत ठेवल्यात. ओल शोषून घेते म्हणालात. घेतली असेल. श्रावणात कपाट उघडलं तर पुरचुंडीच्या चिंध्या झालेल्या आणि माझ्या आईने दिलेल्या सुती इरकलीला जागोजागी भोकं. उंदरांनी खाल्ली म्हणावं तर उंदीर इतके नेमाने खात नाहीत. भुकटीत आम्ल राहिलं होतं. तुम्ही ती धुतलीच नव्हती. केमिस्ट माणूस, कारखान्यात जन्म गेला, आणि घरी आणलेली वस्तू धुवायची अक्कल नाही! मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही.

पाचव्या दिवशी तुम्ही उल्हासनगरच्या बाजारातून साडी घेऊन आलात. भाऊजी, तो रंग. पोपटी म्हणावा तर पोपटाने फिर्याद केली असती. वर तुमचा चेहरा असा की बक्षीस मिळवून आलेला मुलगा. मी "छान आहे" म्हणाले आणि ती तळाशी ठेवून दिली. आणि इरकल टाकायला निघाले तर तुम्ही ती हातातून काढून घेतलीत. "टाकू नका. मोड आणायला चांगली. भोकांतून पाणी निथळतं." तेव्हा असा राग आला होता! पण खरंच, त्या दिवसापासून आमच्या घरात कडधान्याला मोड येतात ते त्या इरकलीच्या फडक्यातच. मऊ सुताला तोड नाही. हे तुम्हाला कधी कबूल केलं नाही, कारण कबूल केलं असतं तर तुम्ही ते सगळ्या गावाला सांगितलं असतंत.

त्याच सुमारास मी शाळेतून निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला, नारळ-शाल झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयार होऊन पर्स घेऊन ओटीवर येऊन बसले. कुठे जायचं ते आठवेना. हे अंघोळीला गेले होते, कोणी पाहिलं नाही, असं मला वाटलं. तुम्ही पाहिलं होतंत. तासाभराने बादल्या, जुनं धोतर आणि निळ्या कागदांची वही घेऊन परसात आलात. "वहिनी, मला माणूस पाहिजे. भुकटी धुवायची, तांदूळ धुतो तशी. पाणी सोडलं की कागद बुडवायचा. लाल झाला की परत धुवायचं. निळा राहिला की पास." मी म्हटलं, मी काय तुमच्या कंपनीची कामगार आहे? तर म्हणालात, "परीक्षक पाहिजे. मी स्वतःच्या पेपरला स्वतःच मार्क देतो, मग साड्यांना भोकं पडतात."

मग ते सुरू झालं. तोंडाला ओलं फडकं बांधून तुम्ही भुकटी ओतायचात, कारण कसलीही असली तरी धूळ छातीत जाऊ द्यायची नाही हा तुमचा नियम. मी ढवळायचे, गाळ खाली बसायची वाट पाहायची, कागद बुडवायचा. लाल. लाल. थोडा लाल. आंबट पाणी चुन्याने मारल्याशिवाय गटारात सोडायचं नाही यावर तुमचा कटाक्ष. आणि ज्या दिवशी कागद निळाच्या निळा राहिला त्या दिवशी आपण दोघं परसात उभे राहून असे हसलो की मंदा आतून धावत आली, काय झालं म्हणून. आता सांगते, भाऊजी. त्या दिवसांत मला सकाळी उठायला कारण नव्हतं. तुम्ही ते बादलीतून आणून दिलंत, आणि माझ्यावर उपकार करतोय असं एकदाही दाखवलं नाहीत. उलट माझ्या कामात चुका काढल्यात. मी तुमची फार ऋणी आहे. हे तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं.

धुतलेली भुकटी घेऊन आपण उल्हासनगरला कॅम्पात गेलो होतो ते आठवतं? भांडी घासायची पावडर भरणाऱ्या त्या सिंधी शेठकडे. तुम्ही त्यांच्या टेबलावर पितळी तांब्या घासून लख्ख करून दाखवलात. शेठनी तांब्या फिरवून फिरवून पाहिला, भुकटीचा वास घेतला आणि विचारलं, "साईं, माल तो बढ़िया है. लेकिन इसमें झाग किधर है?"

"झाग की ज़रूरत नहीं है शेठ, सफ़ाई तो हो गया ना."

"वो आपको मालूम, मेरेको मालूम. बाई लोग को झाग मंगता है. झाग नहीं तो बोलेगी शेठ ने राख भर के दिया."

राख हा शब्द ऐकून तुम्ही एकदम गप्प झालात. तुम्ही गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय हे मला कळायचं. बाहेर येऊन मी म्हटलं, चला, एक दार बंद झालं, आता दाल पकवान खाऊ. खाताखाता तुम्ही म्हणालात, "वहिनी, आई वालाला राख का लावायची?"

जे लोक हे वाचतील त्यांच्यासाठी सांगायला हवं. आमच्याकडे भात कापून झालं की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर भोकं पाडून वाल टोकतात. गावठी वाल, आकाराने लहान, चवीला किंचित कडू. त्यांना मोड आणून, एकेक साल सोलून जे करतात ते बिरढं. मी घाटावरची. लग्न होऊन आले तेव्हा वालाचं साल काढायचं असतं हेही ठाऊक नव्हतं आणि सालासकट उसळ करून पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना हसवलं. सासूबाईंनी मग शेजारी बसवून सोलायला शिकवलं आणि बियाणं राखायलाही. पुढच्या पेरणीचे वाल वेगळे काढायचे, कडक उन्हात वाळवायचे, चुलीच्या राखेत घोळून पिंपात भरायचे. राखेत भुंगा लागत नाही. सासूबाई गेल्या, तेच बियाणं आम्ही वर्षानुवर्षं पेरत राहिलो. बाजारात वाल मिळतात, मोठे, देखणे, पण त्यांना तो कडवटपणा नाही.

आणि मग आमच्या घरची राखच संपली. गॅस आला, चूल गेली. गीझर आला, बंब गेला. राख नाही म्हणजे नाहीच. मी बदलापुरातल्या एका बेकरीतून भट्टीची राख आणायला लागले. मागच्या साली ती राख ओलसर निघाली की त्यात आणखी काही मिसळलं होतं, देव जाणे. पेरणीच्या वेळी पिंप उघडलं तर आत नुसती भुरभुर, प्रत्येक वालाला भोक, आणि भुंगे झाकणावर चढलेले. निवडून निवडून एवढेसे वाल हाती लागले. ते पेरले, त्यांतून जेमतेम बियाण्यापुरते आले. सासूबाईंचं बियाणं म्हणून जे काही उरलं होतं ते तेवढंच.

तुम्ही हात पुढे केलात. "द्या माझ्याकडे. किडा या भुकटीत फिरला की त्याच्या अंगावरचं मेण खरवडतं आणि तो सुकून मरतो. राख तेच करायची. आईची राख म्हणजे थोडी सिलिकाच होती, वहिनी." मी म्हटलं, देणार नाही. साडी गेली ते गेलं, बियाणं जाऊ देणार नाही. होळीपासून पाडव्यापर्यंत आपण भांडलो. शेवटी ठरलं की भुकटी मी स्वतः धुवायची, कागद मी बुडवायचा, उन्हात मी वाळवायची, आणि मग वाल तुमच्या ताब्यात. अर्धे राखेत, अर्धे भुकटीत ठेवू म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "राख आणणार कुठून?" झालं! सगळेच्या सगळे वाल भुकटीत गेले. पांढरे झालेले वाल पिंपात पडताना मी पाहत होते आणि मनात सासूबाईंची माफी मागत होते.

पण आपला खरा वाद पुढेच होता. पेरून काही उरले तर त्यांचं बिरढं करू, असं तुम्ही सहज म्हणालात आणि मी उसळले. कारखान्याची भुकटी लागलेले वाल खायचे? तुम्ही म्हणालात, "अहो, मोड आले की साल तुम्ही काढूनच टाकता. सालीबरोबर गेलं की सगळं!"

"धुऊन आम्ल जातं. बाकी काय काय असेल ते कोण बघणार? निळा कागद?"

"मग लॅबला देऊ तपासायला."

"द्या. रिपोर्ट येईपर्यंत एक वाल कोणाच्या तोंडात जाणार नाही. आणि आधी वाटीभर वाल सोलून दाखवा, मग सालीच्या गप्पा करा."

तुम्ही खरंच बसलात सोलायला. बाजारचे वाल होते. दहा-बारा सोललेत, त्यांतले निम्मे चिरडलेत, आणि एक कितीही दाबला तरी हलेना. मोड न आलेला, दगडासारखा, गणंग. तो तुम्ही उजेडात धरलात आणि यांच्याकडे बघून म्हणालात, "हा दादा." तेव्हापासून या घरात यांचं नाव गणंग पडलं. परवा कोणीतरी समाचाराला आलं होतं, त्यांच्यासमोर माझ्या तोंडून "गणंगांना बोलावते" असं गेलं. हे आतून आले आणि दारातच रडले. भाऊजी, तुमचे दादा रडले. तुम्ही त्यांना रडताना कधी पाहिलं नसेल, मीही नाही.

भुकटी तशी मार्गी लागत होती. मोरिवलीतल्या सिमेंटचे ब्लॉक बनवणाऱ्याने आधी तुमच्या सांगण्यावरून इतकी मिसळली की ब्लॉक साच्यातच तडकले आणि त्याने तुम्हाला हात जोडले. पण तुम्ही त्याचा पिच्छा सोडला नाहीत. थोडी, अगदी थोडी मिसळायची आणि पाणी मोजून घालायचं हे तुम्हा दोघांना कळेपर्यंत त्याच्या आवारात फुटक्या ब्लॉकांचा ढीग झाला होता. आता कारखान्याच्या कडेची भिंत त्याच ब्लॉकांची आहे. तुम्ही येताजाता मोटरसायकल थांबवून तिला हात लावायचात म्हणे. मला हे तुमच्या साहेबांनी तुम्ही गेल्यावर सांगितलं. म्हणाले, आता आठवड्याला थोडे ट्रक कमी जातात. थोडेच. पण जातात कमी. मी त्यांना म्हटलं, हे त्याला जिवंतपणी सांगितलंत का? म्हणाले, "सांगितलं ना. तर मला म्हणाला, थोडे म्हणजे किती, आणि बाकीचे का जातात?" हे अगदी तुम्हीच.

आणि मग दसरा झाला, भात पिवळं झालं, आणि एका सकाळी चहाचा कप हातात असताना तुम्ही गेलात. हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, छाती साफ होती, भुकटीचा काही संबंध नाही. पण तुम्हाला न्यायची तयारी चालू असतानाच अंगणात कोणीतरी म्हणालं, "त्या पावडरीनंच खाल्ला त्याला. रोजचा ता नाकातोंडात." एकाने म्हटलं, मग दुसऱ्याने, मग ते अख्ख्या गावाचं मत झालं. मंदाने ते ऐकलं. बिचारीचा आधीच आधार गेला होता, आणि त्यात रागावायला एक जागा मिळाली.

तिसऱ्या दिवशी ती यांच्यासमोर उभी राहिली. "भावोजी, त्या सगल्या गोनी उचला. ता पिंप पन. जा नि नदीत टाका. मला नको डोल्यापुढं."

हे उठायला लागले. मी मध्ये पडले. म्हटलं, मंदा, नदीत टाकलंस तर तो उठून येईल आणि पाणी का खराब केलं म्हणून आपल्या दोघींना झापेल. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "येऊ दे उठून."

मी तिचा हात धरला. गोण्या जाऊ देत, म्हटलं, पण पिंपात सासूबाईंचं बियाणं आहे. सुतक फिटेपर्यंत थांब. मग आपण दोघी उघडू. भुंगे लागले असतील तर गाव बरोबर, तू बरोबर. मी स्वतः गोण्या घंटागाडीत भरीन. पण वाल धड असतील तर त्या पावडरीला कोणी काही बोलायचं नाही. तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

ते दिवस कसे गेले सांगू का? शोक होता, होताच, पण खरं सांगायचं तर मला धास्ती होती ती पिंपाची. कापणी झाली होती. शेतातली ओल रोज थोडी उडत होती. सुतकात बियाण्याला हात लावायचा नाही, आणि फार उशीर झाला तर वाल उगवायचे नाहीत. आणि उघडल्यावर आतून पुन्हा भुरभुर निघाली तर? बियाणं जाईल, ते एक. पण मग तुमचं सगळं खोटं ठरेल, गावाचं खरं ठरेल, आणि मंदा उरलेलं आयुष्य असं मानून काढील की तिचा नवरा एका वेडापायी गेला. मी रात्रीच्या जेवणाआधी एकदा जाऊन पिंपाला कान लावून आले. भुंगे असले की आत बारीक किरकिर ऐकू येते. काही ऐकू आलं नाही. पण माझे कान आता ते राहिलेत का?

तेरावं झालं आणि सोमवारी आम्ही दोघींनी झाकण काढलं. मंदाने तोंडाला ओलं फडकं बांधलं होतं. तिने स्वतःच सांगितलं, "नायतर वरडतील."

वर सगळं पांढरं होतं, तुम्ही भरलं होतंत तसं. मी हात घातला. वाल कोरडे, टणक, गुळगुळीत. सुपात घेऊन पाखडले. तळाशी भुंगे होते, नाही असं नाही. पण मेलेले, सुकून चुरा झालेले. भोकाचे वाल निघाले ते बशीभर, आणि ते बहुधा भरतानाच किडलेले असावेत. बाकी सगळे धड. मंदा एकेक वाल बोटांत फिरवून बघत होती. तिला अजून पटलं नव्हतं. "वरून बरा दिसतोय. आतून मेला असंल तर?" आणि भाऊजी, ती चुकीचं बोलत नव्हती. इतकं कोरडं झालेलं बी उगवेल का, हे तुम्हालाही सांगता आलं नसतं.

तेव्हा आमच्या पद्धतीने बघायचं ठरवलं. मूठभर वाल नीट धुतले, रात्रभर भिजत घातले, आणि दुसऱ्या दिवशी इरकलीच्या फडक्यात गच्च बांधून मंदाच्या स्वयंपाकघरात ठेवले. त्याच इरकलीच्या. माझी आई, तुमची आई, तुमची भुकटी, सगळं एका गाठोड्यात आलं म्हणून मला रडू येत होतं, आणि मंदा म्हणत होती, "ताई, गाठ सैल झाली तुमची. द्या हिकडं."

आज सकाळी ती गाठोडं घेऊन आमच्या ओटीवर आली. अजून सोडलं नव्हतं तिने. मीही हात लावला नाही. हे सुद्धा पेपर बाजूला ठेवून येऊन बसले. मंदाने गाठ सोडली.

मोड आले होते, भाऊजी. पांढरे, जाडसर, कापडाच्या भोकांतून बाहेर आलेले. मी वाल पसरून बघितले. काही तसेच दगड राहिले होते, त्यांच्याकडे बघून हे म्हणाले, "माझी मंडळी." पण बहुतेक सगळ्यांना मोड होते. बियाणं जिवंत होतं.

मंदाने त्यांतला एक उचलला, सवयीने अंगठ्याखाली धरला आणि दाबला. साल सुटून तिच्या पदरात पडलं. आतला वाल, हिरवट पिवळा, ओला, तिच्या तळहातावर. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सालीबरोबर गेला की सगला."

तुमचं वाक्य. जसंच्या तसं, तुमच्याच सुरात. आणि मी काही म्हणायच्या आत तिने तो वाल तोंडात टाकला.

"मंदा! थुंक आधी! रिपोर्ट आला नाही अजून!" मी ओरडले. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीण कुंपणाशी आली. मंदा सावकाश चावत होती, डोळे मिटून. मग तिने तोंड वाकडं केलं, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"कडू हाय," ती म्हणाली. "आपलाच हाय."

आपला वाद मी सोडलेला नाही, हे लक्षात ठेवा. तुमच्याकडून पाठवायचा राहिलेला भुकटीचा नमुना मीच लॅबला पाठवणार आहे आणि रिपोर्ट येईपर्यंत भुकटीतल्या एकाही वालाचं बिरढं होणार नाही. गोण्या मंदाने परसात पुन्हा नीट रचून ठेवल्यात आणि वर ताडपत्री घातलीय. शेजारीण सगळं ऐकून विचारायला आली होती, तिच्या चवळीला थोडी भुकटी मिळेल का. मंदा तिला म्हणाली, "बियान्यापुरतीच. नि आधी धुवावी लागती. ताई कागद बुडवतात." निळे कागद संपत आलेत, नवे आणायला हवेत.

दुपारी आम्ही तिघं शेतावर गेलो. ओल अजून होती, बोट घातलं की गार लागत होतं. हे पुढे भोकं पाडत गेले आणि आम्ही दोघी मागून वाल टाकत गेलो. मी ती पोपटी साडी नेसले होते. मंदाने एकदा वर पाहिलं, म्हणाली, "लांबून वलखू आलात," आणि पुढच्या भोकाकडे वळली.

सगळं बियाणं टोकून झालं, भाऊजी. मंदाने खाल्लेला तो एक वाल सोडून.